कडबोळी क्रमांक दोन

आमच्या घरात चिवडा दोन प्रकारचा असतो, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, हा शोध मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी लागला, आणि तोही दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली असताना, बायको कढई चढवणार त्याच्या आदल्या संध्याकाळी. ऱ्हस्व चिवडा अकरा किलो होता, दीर्घ सहा. पोहे मी फक्त ऱ्हस्वाचे आणले होते.

पहिल्यापासून सांगतो. बसा, चहा टाकलाय.

मी 2015 साली एका निमसरकारी कचेरीतून निवृत्त झालो. राहायला नाशिकरोडला, जेलरोडवर. (बाहेरगावी हा पत्ता सांगितला की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, म्हणून सांगून ठेवतो: रस्त्याचं नाव तुरुंगावरून पडलं आहे, माझा संबंध नाही.) छत्तीस वर्षं मी रकाने भरले. बाबनिहाय, महिनानिहाय, तालुकानिहाय. माणूस समोर आला की आधी तो कुठल्या रकान्यात बसतो ते बघायचं आणि मग ‘या, बसा’ म्हणायचं, ही माझी सवय. निवृत्तीनंतर समोर माणसं यायची थांबली आणि रकाने तसेच शिल्लक राहिले. मग माझी नजर बायकोच्या डायरीवर गेली.

बायको गेली पंधरा वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. हिशोब सगळा एका लाल पुठ्ठ्याच्या डायरीत. डायरी म्हणजे तरी काय, खुणांचं जंगल. नावापुढे पूर्ण फुली म्हणजे पैसे आले, अर्धी फुली म्हणजे येतील, गोल म्हणजे मागू नयेत. चकलीला वेटोळं, करंजीला अर्धचंद्र, लाडवाला टिंब. पंधरा वर्षांत एकही डबा चुकीच्या घरी गेलेला नाही. अशा परिस्थितीत शहाणा माणूस काय करतो? काही करत नाही. मी बिटको चौकाजवळच्या एका क्लासमध्ये नाव घातलं, माझ्या भाच्यापेक्षा लहान असलेल्या सरांकडून तीन महिने पायथन ही संगणकाची भाषा शिकलो (ते मला ‘काका’ म्हणायचे, मी त्यांना ‘सर’), आणि 2016 च्या नवरात्रात घरी जाहीर केलं की यंदापासून फराळ संगणकावर.

बायको म्हणाली, “तळायचं कोण?”

तो प्रश्न मी टाळला.

पहिला प्रोग्रॅम साधा होता. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली की ती जशीच्या तशी टाइप करायची, शेवटी संगणकाने सारख्या नावांची बेरीज करून कुठला पदार्थ किती किलो ते सांगायचं. आता ‘सारख्या नावांची’ या दोन शब्दांत केवढा खड्डा आहे बघा. कुणी ‘चकली’ लिहिलं, कुणी ‘चकल्या’, कुणी ‘भाजणीची चकली’, कुणी ‘मागच्या वर्षीसारखी चकली’, आणि एका घरून नुसतं ‘तेच’ एवढंच आलं. मी प्रामाणिक माणूस, मी सगळं तसंच उतरवलं. त्यात माझं स्वतःचं शुद्धलेखन. घाईत असलो की माझा चिवडा दीर्घ होतो, निवांत असलो की ऱ्हस्व. शिवाय दोन-चार ठिकाणी ‘लाडू’च्या पुढे बोटाला लागून एक मोकळी जागा पडली होती. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी नुसता लाडू वेगळा आणि पुढे मोकळी जागा असलेला लाडू वेगळा, जसे काही दोघे चुलतभाऊ. बायको एकूण सहा पदार्थ करते. माझ्या यादीत एकवीस निघाले.

आणि त्यातला ‘चिवडा’ समोरचा आकडा बघून मी वाण्याकडे गेलो. ‘चीवडा’ खाली चार ओळी सोडून बसला होता. मला दिसलाच नाही.

रात्री पुण्याला लेकीला फोन केला. ती तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी हकीकत ऐकताना ती मधेच फोन म्यूट करत होती. हसण्यासाठी, हे मला नंतर जावयांनी सांगितलं; तेव्हा ते जावई झालेले नव्हते, नुसतेच शेजारी बसलेले होते, हेही नंतरच कळलं.

“बाबा, ठरावीक गोष्टींपैकीच एक असेल तर तिथे वाटेल तो मजकूर लिहू द्यायचाच नाही,” ती म्हणाली. “एनम वापरायचा. सहा पदार्थांची सहा नावं एकदाच लिहून ठेवायची. त्या सहांपैकी एक असेल तर ठीक, नाहीतर प्रोग्रॅम तिथल्या तिथे अडवेल. स्टेशनवरच्या रिझर्वेशनच्या फॉर्मवर बर्थ मागताना तुम्ही काय लिहिता? लोअर नाहीतर अप्पर. ‘पंख्याखालचा, शेजारी घोरणारा नको’ असं लिहिता का?”

मी एकदा लिहिलं होतं. पण ते तिला सांगितलं नाही.

खरं तर नाशिकरोडच्या माणसाला एनम समजून घ्यायला पुण्याला फोन करावा लागणं हीच शरमेची गोष्ट. आमच्याकडे तो छापला जातो. 1925 साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, त्याआधी आपली टपाल तिकिटं विलायतेहून छापून यायची. आणि 1928 पासून इथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. आमच्या कॉलनीत निम्मी माणसं तिकिटांच्या नाहीतर नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली. त्यांतल्या एका काकांना मी सकाळी फिरताना एनम म्हणजे काय ते समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “म्हणजे नोटा. पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर, पाचशे, हजार. रिक्षाचे तीस झाले तर माणूस वीस आणि दहा देतो, तिसाची नोट छापा म्हणून अर्ज करत नाही.” मी तीन महिने फी भरून जे शिकलो ते काकांनी गेटपासून दत्तमंदिराच्या वळणापर्यंत सांगून संपवलं.

तरी मी वाचन केलं, नाही असं नाही. निकलाउस वर्थ नावाच्या स्विस प्राध्यापकाने 1970 साली पास्कल ही भाषा काढली, तिच्यात ही सोय होती. सी भाषेतही ती आली, पण सीचा स्वभाव भिडस्त. तिच्यात वार म्हणून सात नावं ठरवून दिली आणि नंतर त्या जागी सत्त्याण्णव हा आकडा सरकवला, तरी ती हूं की चूं करत नाही. जावाने 2004 मध्ये कडक एनम आणला, आणि पायथनमध्ये तो यायला 2014 उजाडलं. म्हणजे जगातल्या शहाण्या माणसांना हा प्रश्न पडून, सुटून, जुना झाल्यावर मी त्यात पडलो होतो. पायथनचं एक मात्र मला फार आवडलं: नावं देवनागरीतसुद्धा देता येतात. मी ‘फराळ’ नावाचा एनम केला आणि त्यात कचेरीतल्या शिस्तीप्रमाणे अकारविल्हे सहा नावं लिहिली: अनारसे, करंजी, चकली, चिवडा, लाडू, शंकरपाळे. चिवडा ऱ्हस्व. नावांची यादी दिली की पायथन आपण होऊन त्यांना एकपासून क्रमांक लावतं. अनारसे एक, करंजी दोन, चकली तीन, असे. सी आणि जावावाले शून्यापासून मोजतात म्हणे. ज्याची त्याची रीत.

मुद्दाम ‘चीवडा’ टाइप करून बघितलं. प्रोग्रॅमने नकार दिला. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालच्या कुणी मला इतक्या स्पष्टपणे चूक दाखवली नव्हती, आणि दाखवली असती तर मी ऐकून घेतली नसती; पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दिसेल त्याचा एनम करत सुटलो. वजनाचा केला: पाव, अर्धा, एक, दोन किलो. तिखटाचा केला: कमी, मध्यम, जास्त. घेऊन जाण्याचा, पैसे देण्याचा, डब्याच्या झाकणाचा. बायकोच्या मूडचाही करायला घेतला होता, पण तिसऱ्या नावावर ती मागे येऊन उभी राहिली आणि चौथं नाव आपोआप सुचलं.

बायकोला न विचारता ठरवलेल्या याद्या, त्यांचं काय व्हायचं ते दुसऱ्याच दिवशी झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. बायको आत भाजणी भाजत होती, म्हणून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन काउंटर उघडलं.

“चकली पावणेदोन किलो,” काकू म्हणाल्या.

“पावणेदोन नाही, काकू. एक आहे, दोन आहे.”

“नाही म्हणजे? संपली?”

“चकली आहे. पावणेदोन नाही.”

काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी यापूर्वी एकदाच पाहिली होती, माझ्या मुंजीत, जेव्हा मी भटजींना मधेच थांबवून घड्याळ विचारलं होतं. जगातल्या सगळ्या भाषांत अर्धा-पाव भागवता येतं, पण आपल्या भाषेने सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी एकेक स्वतंत्र नावं घडवून, त्यांना पाढ्यांत बसवून, पिढ्यान्पिढ्या पोरांच्या पाठीत धपाटे घालून ती पाठ करून का घेतली, हे मला त्या क्षणी कळलं. ती सगळी तयारी माझ्या वजनाच्या एनमसाठी होती. मी काकूंना एक किलो, अर्धा किलो आणि पाव किलो अशा तीन वेगळ्या ऑर्डरी घालून दाखवल्या. त्यावर काकूंनी विचारलं, “मग तीन डबे देणार का?” आतून बायकोचा आवाज आला, “लिहिलं हो काकू, पावणेदोन!”

तिने कशात लिहिलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

तिखटाचंही तेच. ‘कमी, मध्यम, जास्त’ यात ‘आमच्या ह्यांना चालेल पण सासूबाईंना कळणार नाही इतपत’ हे कुठे बसवायचं? ‘पैसे कसे देणार’ यात ‘लेकाला पाठवते’ हे कुठे घालायचं? दोन दिवस मी ग्राहकांशी वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी, जे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. प्रत्येक यादीच्या शेवटी मी एक नाव जोडलं: इतर.

‘इतर’ या रकान्यावर माझी अख्खी नोकरी निघाली आहे, त्यामुळे हात सरावलेला होता. आठवडा संपेपर्यंत त्रेचाळीस ऑर्डरींपैकी एकोणतीस जणांचं वजन ‘इतर’ होतं आणि चौतीस जणांचं तिखट. लेकीने फाइल बघितली आणि म्हणाली, “बाबा, हे एनम वापरूनही वापरलं नाही असं झालं.” मला ते कौतुक वाटलं.

आता कडबोळी.

वसुबारसेच्या सुमारास बायकोच्या मनात आलं की भाजणी उरते आहे, तर थोडी कडबोळी करून बघावी. एकच घाणा, चवीपुरता, पुढच्या वर्षी घ्यायची की नाही ते ठरवायला. हे ती स्वतःशी बोलली. मी ऐकलं. नवा पदार्थ आला की तो यादीत आला पाहिजे, आणि यादीत आला की तो अकारविल्हे जागेवर आला पाहिजे, हे माझ्या रक्तात. अनारसे झाले की ‘क’, आणि करंजीच्या आधी कडबोळी, कारण ‘र’च्या आधी ‘ड’. मी ते नाव बरोबर दुसऱ्या जागी घातलं, फाइल जतन केली आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल, तुम्ही हुशार आहात. माझ्या लक्षात यायला दीड दिवस लागला. घेतलेल्या ऑर्डरी फाइलमध्ये नावाने साठवलेल्या नव्हत्या, क्रमांकाने साठवलेल्या होत्या, कारण आकडा कमी जागा घेतो आणि मला काटकसरीची सवय. पायथनने नव्या यादीला शहाण्या मुलासारखे नव्याने क्रमांक लावले. कालपर्यंत दोन म्हणजे करंजी होती, आज दोन म्हणजे कडबोळी. तीन म्हणजे चकली होती, ती झाली करंजी. चिवड्याच्या जागी चकली आली, लाडवाच्या जागी चिवडा, शंकरपाळ्याच्या जागी लाडू. अख्खी दिवाळी एक पाट पुढे सरकून बसली. आणि तक्रार? एका शब्दाची नाही. सगळे आकडे एक ते सहामधले, सगळे वैध, सगळे यादीतले. चुकीचं शुद्धलेखन पकडणारा माझा तो करारी प्रोग्रॅम, मधुमेह्याला करंजी पाठवताना ढिम्म होता.

धनत्रयोदशीच्या दुपारी बायको खरेदीला मेन रोडला गेली. जाताना म्हणाली, “मी आल्यावर भरू डबे.” तिला चकित करावं म्हणून मी चिठ्ठ्या छापल्या, मदतीला येणाऱ्या मावशींना एकेक वाचून दाखवत गेलो, मावशी भरत गेल्या. मावशींनी एकदा विचारलं, “काका, त्या जोशी आजोबांना चिवडा? त्यांना दात नाहीत ना?” मी म्हटलं, “मावशी, संगणक आहे.” पहिली खेप स्कूटरला लावून मी निघालो. जेलरोड, दत्तमंदिर, बिटको चौक, मुक्तिधामच्या मागची गल्ली, तिथून देवळालीगाव. चौदा डबे पोचवून घरी आलो तर मावशी रिकामी परात घेऊन उभ्या. कडबोळी संपली होती आणि कडबोळीच्या अजून आठ चिठ्ठ्या शिल्लक होत्या.

मी बायकोला फोन लावला आणि, हे सांगताना आजही कान गरम होतात, जरा वरच्या पट्टीत म्हणालो, “अगं, कडबोळी एवढी कमी का केलीस?”

पलीकडे मेन रोडचा गलका होता. मग ती सावकाश म्हणाली, “अहो, कडबोळी कुणी मागितलीच नाहीये.”

पुढचे तीन तास मी उलट्या दिशेने तीच वाट धरून डबे परत गोळा करत होतो. दिवाळीच्या तोंडावर दारात जाऊन दिलेला फराळ परत मागणं हा अनुभव ज्याने घेतला नसेल त्याने घेऊ नये. दात नसलेले आजोबा चिवडा चहात भिजवून खात होते, म्हणाले, “नवीन प्रकार आहे, पण मऊ व्हायला वेळ लागतो.” एका घरी मुलांनी शंकरपाळ्यांऐवजी आलेले लाडू आधीच फोडून बघितले होते, आत काही आहे का म्हणून. देवळालीगावातल्या एका काकांना साखरेचा त्रास. त्यांनी मागितली होती चकली, गेली करंजी. मी डबा परत मागितला तर त्यांनी तो छातीशी धरला. “तुमची चूक झाली असेल,” ते म्हणाले, “देवाची नाही.” दोन खाऊन झाल्या होत्या. काकू मागे उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या घरातून मला आजतागायत ऑर्डर आलेली नाही. काका मात्र रस्त्यात भेटले की अजून डोळा मारतात.

त्या अख्ख्या पंचक्रोशीत बरोबर पोचले ते फक्त अनारसे. त्यांचा नंबर पहिला होता.

रात्री लेक म्हणाली, “बाबा, हे पुस्तकात लिहिलेलं आहे हो. जोशुआ ब्लॉकने जावाच्या पुस्तकात सांगून ठेवलंय... यादीतल्या जागेवर कधी विसंबायचं नाही. क्रमांक आपण ठरवून द्यायचा, तो पुन्हा बदलायचा नाही, आणि नवीन आलेला शेवटी बसवायचा.” मग जरा थांबून तिने विचारलं, “पण बाकीचे डबे आईने बरोबर कसे भरले?”

बायकोने ओट्यावरच्या पिठाच्या डब्यामागून लाल डायरी काढली. पहिल्या दिवसापासून सगळं तिच्यात होतं. पावणेदोनसकट. लेकीने फोनवर डायरीचं पान बघितलं, ती फुली, अर्धी फुली, गोल, वेटोळं, अर्धचंद्र, आणि म्हणाली, “बाबा, हा एनमच आहे. आणि ह्यात कडबोळी आली तर काय कराल? नवी खूण. बाकी कुणी हलत नाही.” बायको म्हणाली, “कडबोळीला अर्धवट वेटोळं. कालच ठरवलंय.”

माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण लेकीचा सल्ला ताजा होता, आणि वसुलीचं काम माझ्याकडे होतं. भाऊबीज झाल्यावर जमलेली रोकड मोजायला मी नोटांचा एनम केला, आणि यावेळी शहाण्यासारखा: क्रमांक पायथनवर न सोडता दहाच्या नोटेला दहा, पन्नासच्या नोटेला पन्नास, पाचशेला पाचशे, हजारला हजार. जागा बदलल्या तरी किंमत हलायची नाही. नोटांपेक्षा पक्की यादी कुठली? समोर तर छापतात. हिशोब मात्र चाळीस रुपयांनी जुळेना. आता चाळीस रुपयांची तूट असलेली रोकड बँकेत भरणं हे माझ्या संस्कारात बसत नाही. बायको रोज म्हणायची, “भरून टाका, चाळीस मी देते.” मी रोज रात्री पुन्हा मोजायचो. ज्यांच्याकडून सुटे येत होते त्यांच्याकडूनही मी, मोजायला सोप्या जातात म्हणून, पाचशे-हजाराच्या नोटा मागून घेतल्या होत्या.

अशी मोजामोज करता करता 8 नोव्हेंबर उजाडला. रात्री आठ वाजता मी गादीवर सगळ्या नोटा गटवारी मांडून बसलो होतो. बाहेर टीव्ही चालू होता. बायकोने आत येऊन दाराला टेकून माझ्याकडे बघितलं, नोटांकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “तुमच्या यादीतली दोन नावं गेली.”

पाचशे-हजाराच्या नोटा बंद. दुसऱ्या दिवशी बँकाही बंद. तिसऱ्या दिवशी रांग. रांगेत माझ्या पुढे तेच प्रेसमधले काका होते. एनम म्हणजे नोटा असं ते मला काही आठवड्यांपूर्वी म्हणाले होते, पण मी विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. दीड तास उभं राहिल्यावर आणि समोरच्या टपरीवरून तळणीचा वास आल्यावर मला एकदम आठवलं: डबे परत गोळा करताना बिटको चौकात थांबून मी दोन वडापाव खाल्ले होते आणि दोन चहा घेतले होते. फराळाच्याच पैशातून. चाळीस रुपये.

हिशोब जुळला. संध्याकाळी पहिली गुलाबी दोन हजारांची नोट घरी आली. प्रोग्रॅमने ती घेतली नाही. जेलरोडवर इतर कुणीही घेतली नाही, तेवढ्यापुरता माझा प्रोग्रॅम वास्तवाच्या जवळ होता.

यानंतर दीड वर्ष मी लॅपटॉपवर फक्त बातम्या वाचल्या. 2017 मध्ये दोनशेची नोट आली तेव्हाही मी शांत होतो. त्याच वर्षी लेकीचं लग्न झालं, शेजारी बसणारे जावई झाले. पण 2018 च्या चैत्रात बायको वर्षभराच्या ऑर्डरींचं वेळापत्रक करायला बसली, श्रावणात काय, गणपतीत काय, आणि माझा हात पुन्हा शिवशिवला. मी विचार केला, नोटा सरकार बदलतं, पदार्थ बायको बदलते. पण चैत्र, वैशाख, ज्येष्ठ? शेकडो वर्षांची यादी. बाराच्या बारा नावं मी क्रमांकासकट पक्की केली, शेवटी ‘इतर’सुद्धा ठेवला नाही. बायकोला छापील कागद दिला.

तिने तो वाचला. “छान आहे,” म्हणाली. “धोंड्याचा महिना कुठे आहे?”

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं असतं, ते भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात, ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, आणि तो यादीच्या शेवटी येत नाही, मधेच कुठेतरी, आपल्याच नावाच्या महिन्याच्या आधी येऊन बसतो. हे सगळं मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी अधिक आषाढ झाला होता, आमच्याच नाशकात सिंहस्थ होता तेव्हा. तरी. ज्येष्ठाच्या आधी अधिक ज्येष्ठ, म्हणजे तिसऱ्या जागी पुन्हा नवा पाहुणा आणि पुढचे सगळे एक पाट पुढे. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, “मला हाताने करायचं काहीतरी काम दे.”

त्या वर्षी धोंड्याचं पहिलं वाण आमच्याच जावयाला द्यायचं होतं. तेहेतीस अनारसे, जाळीदार, तांब्याच्या ताटात, दिवा लावून. ऑर्डरीचे वेगळे, घरचे वेगळे. बायको तळत होती आणि मी ताटात रचून मोजत होतो. किती सोपं काम. पण एवढं सगळं शिकलेला माणूस. सी आणि जावावाले कुठून मोजतात तेही डोक्यात पक्कं बसलेलं. पहिला अनारसा ठेवला आणि नकळत मनात म्हटलं, शून्य.

“किती झाले?” बायकोने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“बत्तीस.”

तिने झाऱ्यावरून अजून एक आणून ठेवला, वर जाळीचं झाकण घातलं, आणि ताट पुण्याला गेलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. स्पीकरवर होता. जावईबापूंनी म्हणे दोनदा मोजले, त्यांचाही स्वभाव चोख आहे. “आई, चौतीस निघाले गं. तेहेतीस वाणाचे, आणि हा वरचा एक कशातला?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ताम्हणातली वात सारखी करत होतो.

“तो होय,” ती म्हणाली. “तो इतर.”